हात पुढं धरायचा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते बिबड्यांचं, वाळवून तळायच्या ज्वारीच्या पापडांचं. चैत्र सरत आला होता. संजूची माय गच्चीवर ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचं घमेलं घेऊन बसली होती. लसूण, तीळ, लाल मिरची घातलेलं पीठ. ती ओल्या फडक्यावर बिबडी थापायची, मी फडकं उचलून खाटेवर टाकलेल्या जुन्या साडीवर पालथं घालायचो आणि फडकं सोडवून घ्यायचो. दोन माणसांचंच काम आहे ते. एकट्यानं होत नाही. समोर सोनगीरचा किल्ला उन्हात तापत होता आणि ही माझ्याकडून सुनेच्या भाषेचे धडे म्हणून घेत होती.

"ओ संजूना बाप, बोला ना. आभारले काय म्हनतस तठे?"

मला येत होतं. रोज दुपारी कानावर पडायचं. तरी म्हणालो, "माले काय करनं शे? मी कोठे जाई ऱ्हायनू?"

"नका जाऊ. पन तीच घर ऊनी ते? मुका बसशात तिनापुढे?"

"बसू."

"सलामत पो," ती म्हणाली. "पो लावाले विसरू नका. पो म्हंजे मान. आनि ती बिबडी फाटनी तुमनी. ध्यान कोठे शे?"

ऊन उतरल्यावर ती खाली गेली. जाताना म्हणाली, सकाळी ऊन चढायच्या आत उलटवा, नाहीतर साडीला चिकटतील. पहाटे चहा ठेवायला उठली, ओट्याला पाठ लावून खाली बसली, आणि बसली ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

तिला पोचवून आलो तेव्हा दुपार कलली होती. बिबड्या तशाच गच्चीवर होत्या. एरंडोलहून लेक आली होती, सुरेखा. ती म्हणाली, आबा, फेका त्या, सुतकातल्या आहेत. भाऊबंदही तेच म्हणाले. मी कुणाचं ऐकलं नाही. साडीला मागून पाण्याचा हात लावला आणि एकेक सोडवली. तुम्ही गावातले लोक खाली अंगणात बसला होता. म्हातारा वर काय करतोय म्हणून कुजबुजत होता. तो हेच करत होता.

तुम्ही फोनवर विचारता, आबा, तिकडं करमतं का? फोनवर मला बोलता येत नाही. म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलं तर चुकलं. ही वही तिचीच आहे. मागची पानं कोरी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा संजू फिलिपिन्सला एका कंपनीत मेकॅनिक म्हणून गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मारिसेल तिचं नाव. बटांगासची, मनिलापासून अडीच तासांवर. मी त्याला काय काय बोललो ते अर्ध्या गावानं ऐकलंय, परत लिहीत नाही. पुढं त्यांना मुलगी झाली, तरी मी फोनला हात लावला नाही. दुपारी व्हिडिओ कॉल आला की मी उठून गोठ्यात जायचो. संजूची माय मात्र बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मारिसेलला मराठी येत नव्हतं. मग त्या दोघी एकमेकींना शिकवायला लागल्या. ही भाकरी दाखवायची, ती भात दाखवायची. संजू मधे बसून सांगायचा. त्या भाषेला तागालोग म्हणतात. ही सातवी पास. ऐकेल ते आपल्या अक्षरात वहीत उतरवून ठेवायची आणि हसायची. एकदा गोठ्यात येऊन मला सांगून गेली, "तठे नहीले हिंदी म्हनतस!" मी म्हणालो, म्हणू दे.

दिवाळीला जायचं तिच्या मनात होतं. माझाही पासपोर्ट तिनं मला न विचारता काढायला लावला. सही करा म्हणाली, मी केली. त्या बिबड्याही मारिसेलसाठीच होत्या. तिला तिखट आवडतं म्हणे.

ती गेल्यावर वर्षभर मी एकटा राहिलो. खोटं बोलत नाही, घर खायला उठायचं. सेहेचाळीस वर्षं जिची बडबड ऐकून कंटाळलो म्हणायचो, तिच्यावाचून घरात भांड्याचाही आवाज होईना. तेव्हा ही वही काढली. रोज दोन शब्द. ओपो म्हणजे हो जी. कुमुस्ता पो म्हणजे कसे आहात. पासेंस्या ना पो म्हणजे चुकलं, सांभाळून घ्या. कुमाईन का ना म्हणजे जेवलास का. हे मला लगेच लक्षात राहिलं. आपल्याकडंही रस्त्यात माणूस भेटला की हेच विचारतात. सकाळी धार काढायला बसलो की म्हशीला म्हणायचो, मगांडांग उमागा पो. शुभ सकाळ. म्हशीनं कधी चुका काढल्या नाहीत. शेजारचा धनराज भिंतीवरून म्हणाला, "आबा, म्हसले मंत्र घाली ऱ्हायनात का?" मी म्हणालो, "तुले काय करनं शे, तिनं दूध व्हयी जास्त." हसून हसून पडला तो.

पण अर्ध्याच वहीपर्यंत गेलो. पुढची पानं तिच्या शेवटच्या महिन्यातली होती. त्यातलं अक्षर थोडं हललेलं दिसायचं. ती उघडवत नव्हती. म्हटलं, एवढे शब्द पुष्कळ झाले.

वर्षश्राद्ध झालं आणि संजू न्यायला आला. म्हैस धनराजला दिली. घराला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. तुम्ही सगळे ओट्यावर उभे होता. कुणीतरी म्हणालं, "जाई ऱ्हायनात का आबा?" मी म्हणालो, "येस." आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. गाडी वळली तरी मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरलो असतो.

बिबड्यांचा डबा मांडीवर होता. विमानातही खाली ठेवला नाही.

आता माझी चूक सांगतो. मनिलाच्या विमानतळावर मारिसेल मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मी मनात घोकत होतो, कुमुस्ता पो, कुमुस्ता पो. ती पुढं आली, मुलीला संजूकडं दिलं, वाकली, काहीतरी पुटपुटली आणि माझा हात धरायला गेली. मी हात मागं घेतला. झटका बसावा तसा. विचार करून नाही केलं. आपल्याकडं सासरा सुनेचा हात धरत नाही. माझ्या आईनं माझ्या आजोबासमोर आणि संजूच्या मायनं माझ्या बापासमोर कधी मान वर केली नाही. सून लांबून पाया पडते, सासरा लांबून सुखी राहा म्हणतो, झालं. मी म्हणालो, कुमुस्ता पो. ती म्हणाली, बरी आहे. मराठीत. मग गाडीत पुढं बसली आणि अडीच तास खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, थकली असेल.

इथं सगळं हिरवं आहे. नारळ, केळी. केळी बघून जीव थोडा थाऱ्यावर येतो. तिन्ही वेळा भात. मासळीचा वास अजून सोसत नाही, मारिसेल तेव्हा दार लावून घेते. चौथ्या-पाचव्या दिवशी घरात वांगं भाजल्याचा वास आला आणि मी ताडकन उठलो. ती गॅसवर आख्खी वांगी भाजत होती. वांग्याला तालोंग म्हणतात. साल काढली, टोमॅटो-कांदा घातला, वरून सिरका. आपल्यासारखं कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं नव्हे, पण भरीतच की. मी दोनदा मागून घेतलं, सलामत पो म्हणालो. ती हसली, पण लगेच ओट्याकडं वळली. मला कळेना. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, प्रत्येक वाक्याला पो लावायची. कशातच कमी नाही. आणि तरी घरात कुणीतरी रुसलंय असं वाटायचं. मीही डबा पेटीत तसाच ठेवला होता. एकदा दिला की संपला, म्हणून हात होत नव्हता.

रविवारी तिच्या आईकडं गेलो. विहीणबाई माझ्याच वयाच्या असतील, अंगणात खुर्चीवर बसलेल्या. घरातली मुलं एकेक करून आली. विहीणबाईंचा हात धरायची, आपल्या कपाळाला लावायची, पळायची. मोठी माणसंही तसंच करत होती. पन्नाशीचा जावई वाकला, त्यानंही कपाळाला लावला. मग त्यातली दोन-तीन मुलं माझ्याकडं वळली. आमची नात ईशाही धावत येत होती, दोन्ही हात पुढं करून. मारिसेलनं तिला मधेच उचललं. कानात काहीतरी सांगितलं. पोर रडायला लागलं. मारिसेलनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पासेंस्या ना पो."

हा शब्द मला येत होता. पण ती माफी कशाची मागते ते कळलं नाही.

घरी आल्यावर संजूला विचारलं. तो म्हणाला, "आबा, विमानतळावर तुम्ही हात मागे घेतला ना."

"मग? सुनेचा हात धरू?"

"इथं मोठ्यांचा हात कपाळाला लावतात. तो आशीर्वाद असतो. तिला वाटलं, तुम्ही दिला नाही. तीन वर्षं फोनवर आला नाहीत, आणि समोर आल्यावर हातही काढून घेतला."

"तू सांगायचं ना तिला आपलं काय असतं ते."

"सांगितलं. बरं म्हणाली. तुम्हाला काही सांगू नको म्हणाली, तुम्ही मोठे. पोरीलाही रागावतील म्हणून जाऊ देत नाही." मग म्हणाला, "आबा, आईला माहीत होतं हे. मारिसेलनं तिला कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं होतं. आईनं लिहून घेतलं होतं."

मी पेटीतून वही काढली. हललेल्या अक्षरातली पानं उघडली. संध्याकाळचं ऊन होतं, चष्मा होता, तरी दिसेना. तिसऱ्या-चौथ्या पानावर मिळालं. जसं लिहिलंय तसं उतरवतो.

"मानो पो. लहान माणूस म्हणतं. मोठ्या माणसानं हात पुढं धरायचा. कपाळाला लावला की म्हणायचं, काआवान का नांग दियोस. देव तुझ्यावर दया करो. यांना निघायच्या आधी सांगून ठेवणे. हे हात मागे घेतील."

खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सेहेचाळीस वर्षांत मी तिचं एक वाक्यही पुरतं ऐकून घेतलं नसेल. ती मात्र माझा हात कुठं जाईल हेसुद्धा आधी लिहून गेली. बिबड्यांच्या दिवशीही तेच सांगायला बसली असेल. मी तेव्हा बसू म्हणालो. मुका बसू.

तुमच्यातले जे गाव सोडून सुरत, पुणे, दुबईला गेलात त्यांना एवढंच सांगतो, घरच्या रीती नेता तशी डोळे उघडे ठेवायची सवयही न्या. आणि जे गावात आहात, त्यांनी माझ्या कुलपावर पक्ष्यानं घरटं केलं तर ते काढू नका. किल्ली माझ्याकडं आहे. ते घर माझंच आहे आणि मी येणार आहे. पण हल्ली घर म्हटलं की मला ते दार दिसत नाही. ती गच्ची दिसते, खाट दिसते, आणि फडक्याचं एक टोक धरून बसलेली ती. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तो जिथं असेल तिथं आता घर म्हणायचं, असं मी ठरवलंय. ठरवायला वेळ लागला.

वही वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. अंघोळ केली, टोपी घातली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो. वही मांडीवर उघडी, कारण एवढं लांब वाक्य माझ्या तोंडात बसत नाही. मारिसेल कॉफी ठेवायला आली. मला बघून थबकली. "मगांडांग उमागा पो," म्हणाली.

मी हात पुढं धरला आणि धरूनच ठेवला.

ती बघत राहिली. मग तिनं ओले हात गाऊनला पुसले, माझा हात दोन्ही हातांत घेतला, वाकली आणि कपाळाला लावला. मी वहीत बघून एकेक अक्षर वाचलं. काआवान का नांग दियोस. शेवटच्या शब्दाला अडखळलो, तर तिनं खाली मानेनंच तो पुरा केला. मग मला आपलंही म्हणावंसं वाटलं. म्हणालो, "सुखी ऱ्हाय, माय."

ती आत गेली आणि झोपेतल्या ईशाला उचलून घेऊन आली. पोरीनं डोळे न उघडताच माझा हात कपाळावर आपटला.

मी पेटी उघडली, बिबड्यांचा डबा काढला, मारिसेलच्या हातात दिला आणि कढईकडं बोट दाखवलं.