सातव्या सेकंदाला थांबणारा हात

माझी नणंद पेर्सिदा सत्तेचाळिसाव्या वर्षी नोवी साद शहरातून घरी परत आली, ती दोन बॅगा, एक लाउडस्पीकर आणि बिस्किटांचा एक डबा घेऊन. मी आपली भोळी. म्हटलं, भावजयीसाठी बिस्किटं आणली असतील. झाकण उघडलं तर आत काळे चपटे किडे! चारही बाजूंना बारीक बारीक पाय, मोजायला बसाल तर दिवस जाईल.

"अगं बाई, घोणी पाळायला लागलीस की काय?"

"वहिनी, हे सिग्नल प्रोसेसर आहेत. आवाज हाताळणाऱ्या चिपा."

"असतील. मी घोणच म्हणणार."

बावीस वर्षं ही आमची पेर्सिदा, म्हणजे पेर्सा, तिथल्या एका कारखान्यात गाणाऱ्यांचा आवाज घुमवणारी यंत्रं बनवत होती. लग्नात गायक माइकसमोर 'ओ' म्हणतो आणि चर्चमध्ये गायल्यासारखं ऐकू येतं ना, तो 'ओ' या घोणींच्या पोटातून जाऊन आलेला असतो. कारखाना बंद पडला तेव्हा ज्याला जे सापडलं ते त्याने उचललं. कोणी खुर्च्या नेल्या, कोणी पडदे नेले. हिने घोणी आणल्या. सांगा आता, या बाईला काय म्हणायचं?

बाई म्हणजे तरी काय, अंगठ्याएवढी. डोळ्यांवर एक चष्मा, डोक्यावर दुसरा, आणि तिसरा कायम हरवलेला. फ्रिज सुरू झाला की तोंडातला घास तसाच ठेवून म्हणायची, "आज जरा खाली लागलाय." मला वाटायचं फ्रिज खाली सरकला. नंतर कळलं की सूर खाली लागला. पण मनाने लख्ख. आणि हसायला लागली की टेबलाखाली जाईपर्यंत हसायची.

आमचं घर म्हणजे साखळीपाळणा. आमच्या बानात प्रांताच्या सपाट मुलखात शरद ऋतूत गावोगाव जत्रा भरतात, आणि पाळण्याशिवाय जत्रा म्हणजे नुसता बाजार. मधे खांब, वर गोल छप्पर, छपराला साखळ्यांनी टांगलेल्या बत्तीस खुर्च्या. सासऱ्यांनी उभा केला, माझा नवरा नेस्तोर चालवतो, मी खिडकीत बसून तिकिटं फाडते. आणि हा अख्खा डोलारा चालायचा मिठाच्या पाण्याच्या एका पिंपावर.

हसू नका. मोटरला एकदम वीज दिली तर ती हिसका देते, खुर्च्या एकमेकींवर आपटतात. म्हणून वीज पिंपातल्या मिठाच्या पाण्यातून सोडायची आणि दांडा धरून लोखंडी पत्रे हळूहळू पाण्यात उतरवायचे. जितके खोल पत्रे, तितका वेग. नेस्तोर बारा वर्षांचा होता तेव्हा सासऱ्यांचा खांदा निखळला, तेव्हापासून दांडा त्याच्या हातात. तोंडाने एका नाचाची चाल गुणगुणायची आणि तिच्या ठेक्यावर हात खाली न्यायचा. बत्तीस खुर्च्या अशा उचलल्या जायच्या की मांडीवरचं आइस्क्रीमसुद्धा हलू नये. पण दांडा सोडता येत नाही, त्यामुळे एक्केचाळीस वर्षांत माझा नवरा स्वतःच्या पाळण्यात एकदाही बसला नव्हता. पेर्सा लहानपणी दिवसदिवस बसायची. हा दांडा धरून उभा, आणि ही वरून ओरडायची, "दादा, अजून!"

जूनमध्ये इन्स्पेक्टर एर्देल्यान आले. सहा फूट उंच, खिशात कंगवा. पिंपात डोकावले आणि दोन पावलं मागे सरकले.

"नेस्तोरराव, हे काय आहे?"

"पिंप."

"ते दिसतंय मला! पाण्यात वीज? लोकांपासून चार पावलांवर?"

त्यांनी पिंपाला सील ठोकलं. सप्टेंबरात देवमातेच्या जन्मदिवसाला आमच्याच गावची जत्रा, त्या दिवशी सकाळी परत येतो म्हणाले. तोवर धड यंत्र बसवलं तर परवाना, नाहीतर पाळणा कायमचा बंद.

नेस्तोर दोन दिवस त्या सीलभोवती घिरट्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी सूप पिता पिता म्हणाला, "आपल्या जत्रेत फिरला नाही तर भंगारात देऊन टाकतो. लोकांनी बंद पाळणा बघायला यायचं, हे मला सोसणार नाही." चमचा ठेवला आणि उठून गेला. पाळणा गेला तर या माणसाने हात ठेवायचे कुठे?

पेर्सा सूप संपवून म्हणाली, "मी बसवते."

"काय बसवतेस?" नेस्तोर दारातून परत फिरला. "गवयांचा आवाज घुमवणारी तू! पाळणा घुमवणं म्हणजे चेष्टा वाटली?"

"घोणीला काय कळतंय, पुढे गवई आहे की मोटर? आत आकडे येतात, बाहेर आकडे जातात. सेकंदाला हजारो वेळा. तुझ्या हातापेक्षा चपळ आहे ती."

"माझ्या हातापेक्षा?" झालं! दोघांचं असं जुंपलं की शेजारची सावका ढोबळी मिरची भाजायची सोडून कुंपणाशी येऊन उभी राहिली.

पण बाई हटली नाही. तालुक्याच्या गावी पाडलेल्या इमारतीतून तिने लिफ्टची मोटर चालवणारी जुनी पेटी आणली. अंग धडधाकट, डोकं गेलेलं. मी म्हटलं, असे आपल्याकडे आधीच दोन-तीन आहेत. त्या पेटीला तिने घोणीचं डोकं बसवलं. आणि मग इन्स्पेक्टरांना फोन करून फक्त मोजमापापुरतं, रिकाम्या पाळण्यावर, पिंपाचं सील काढायची परवानगी मिळवली.

"दादा, दांडा धर. नेहमीसारखं कर. दहा वेळा."

"कशाला?"

"घोणीला शिकवायचंय."

नेस्तोरने कपाळाला हात लावला, पण धरला दांडा. गुणगुणला, पत्रे उतरवले. दहा वेळा. पेर्साने वायरी जोडून सगळं कागदावर काढलं आणि कागद बघून टेबलाखाली जाईपर्यंत हसली. दहाही रेघा एकावर एक ठेवल्या तर एकच दिसावी! दांडा खाली जायला बरोबर अकरा सेकंद. आणि दर खेपेला सातव्या सेकंदाला एक छोटी पायरी.

"इथे तुझा हात थांबतो, दादा."

"हॅट! मी कुठे थांबतो?"

"हे बघ ना. अर्धा श्वास. मग परत खाली."

"तुझं यंत्र चुकलंय." आणि पठ्ठ्या कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

ती पायरी कशासाठी, ते मला माहीत होतं. सातव्या सेकंदाला पाय जमिनीवरून सुटतात आणि नवखी माणसं किंचाळतात. तेवढं किंचाळून होईपर्यंत तो वेग वाढवायचा थांबतो. माझंही तसंच झालं होतं. लग्नाआधी पहिल्यांदा बसले, पाय सुटले, जीव मुठीत धरला, आणि पाळणा जणू म्हणाला, थांबू का जरा? तेव्हाच ठरवलं, याच माणसाशी लग्न करायचं. पण हे मी बोलले नाही. आधीच डोक्यावर बसलाय.

ऑगस्टच्या शेवटी पहिली चाचणी. माणसं बसवायचा प्रश्नच नव्हता. बत्तीस खुर्च्यांवर मक्याची बत्तीस पोती, पट्टे आवळून. पेर्साने घोणीच्या आवाजाच्या तारेला लाउडस्पीकर जोडला होता, मोटर पितेय ती वीज कानाने ऐकता यावी म्हणून. म्हणाली, "बघून मला काही कळत नाही, वहिनी. ऐकून कळतं." त्यात आवाज घुमवायचा जुना प्रोग्रॅम बंद करायला विसरली. मोटर चर्चमधल्यासारखी अशी घुमायला लागली की सावकाने छातीवर क्रूस काढला.

पाळणा उचलला. पोती निघाली. नेस्तोर हाताची घडी घालून उभा, पण मान पुढे. वेग वाढला, पोती वर गेली, आणि लाउडस्पीकर म्हणाला, "टक्!"

एवढंच. टक्. आणि पाळण्याने उलटा हिसका दिला! साखळ्यांच्या वेण्या पडल्या, दोन पट्टे तुटले. एक पोतं माझ्या तिकिटाच्या खिडकीवर, दुसरं हवेतून थेट सावकाच्या हंसांमध्ये. सावकाने बोंब ठोकली. हंसांनी मात्र क्षणभर विचार केला आणि जेवायला सुरुवात केली. पुढे आठवडाभर ते रोज सकाळी आमच्या फाटकाशी येऊन, माना वर करून आकाशाकडे बघत उभे राहायचे.

नेस्तोरने तुटलेला पट्टा उचलला, बोटांत फिरवला, खिशात ठेवला. म्हणाला, "भंगारवाल्याला निरोप देतो." तो ओरडला असता तर परवडलं असतं.

मी पेर्साकडे बघितलं. म्हटलं, रडतेय बिचारी. तर ही डोळे मिटून उभी, मान वाकडी, कान स्पीकरकडे.

"वहिनी, हा 'टक्' मी ओळखते."

"आता टकशी ओळख निघाली!"

"अगं, लग्नात गवई फार जोरात ओरडला की हाच वाजतो!"

आणि मला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवत सांगायला लागली. घोणीच्या पोटात आकडे रांगेत नसतात, गोलात असतात. सगळ्यात मोठा आकडा बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्यात एक मिळवलात तर पुढे जायला जागाच नाही. गोल फिरून थेट उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट! पोती जड, म्हणून घोण जोर वाढवत गेली, एक पाऊल जास्त पडलं आणि सगळा जोर उलट्या दिशेला. गाण्यात असं झालं तर टक् वाजतं, लोक नाचत राहतात. इथे पोती उडतात.

"मग कारखान्यात काय करायचात?"

"एक ओळ असते. टोकाला पोचलास की टोकालाच थांब, एवढंच सांगणारी. ती कोणीतरी कधीच लिहून ठेवलेली होती, आम्ही सगळे तिच्या पुढे लिहायचो. बावीस वर्षांत माझ्या हाताने ती लिहायची वेळच आली नाही. आणि इथे कोऱ्या पानापासून सुरुवात केली!" असं म्हणून ही बया धुळीत बसून हसायला लागली. मीही हसले. काय करणार? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो दोघी.

ओळ लिहिली. शिवाय घोण भांबावली तर मोटरची वीज तोडून टाकेल, असा वेगळा पहारेकरीही बसवला. पट्टे सगळे नवे. मग पोती फिरवली. पन्नास वेळा. कमी पोती, जास्त पोती, एकाच बाजूला पोती, मधेच वीज तोडून. एकदाही टक् नाही. हंस फार निराश झाले. नेस्तोर फाटकाशी उभा राहून बघायचा, पण जवळ यायचा नाही. भंगारवाल्याचा निरोप मात्र राहूनच गेला म्हणाला.

जत्रेचा दिवस उजाडला. घंटा वाजत होत्या, चौकात पितळी वाजंत्री कोकलत होती, भाजलेल्या मांसाचा धूर थेट माझ्या खिडकीत. इन्स्पेक्टर एर्देल्यान सकाळी आठला आले. तपासलं, मोजलं, चालत्या पाळण्याची वीज तीनदा तोडायला लावली. तिन्ही वेळा पोती सावकाश, मुकाट खाली आली. घोण बघून म्हणाले, "एवढीशी?" आणि एका हाताने केस विंचरत परवान्यावर सही केली.

मी आनंदाने इतकी ओरडले की वाजंत्री थांबली.

लोकांची रांग लागली. पेर्सा पेटीजवळ, दोन्ही चष्मे डोक्यावर. आणि नेस्तोर? नेस्तोर रिकाम्या पिंपाशी उभा, आणि उजवा हात आपसूक वर गेलेला. दांडा नव्हता तिथे.

पेर्साने ते पाहिलं. "दादा, बस."

"कुठे?"

"खुर्चीत. कुठे म्हणजे?"

"वेडी झालीस? पाळणा कोण बघणार?"

"तुला मोकळं करायला तर हे केलं सगळं! एक्केचाळीस वर्षं मी वर आणि तू खाली. बस म्हणते ना!"

मी खिडकीतून ओरडले, "बस रे बाबा, लोक खोळंबलेत!" सगळी रांग ओरडली, "नेस्तोर, बस!" बसला शेवटी. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, साखळ्या अशा घट्ट धरलेल्या, जणू बाजाराला निघालेली कोंबडी सुटेल. इन्स्पेक्टरांनी स्वतः येऊन त्याचा पट्टा तपासला.

पेर्साने बटण दाबलं. पाळणा उचलला, लोण्यातून सुरी जावी तसा. मी मोजत होते. पाच. सहा. नेस्तोरचे पाय जमिनीवरून सुटले आणि माझा नवरा, हा एवढा दांडगा माणूस, किंचाळला!

सात.

पाळणा अर्धा श्वास थांबला.

"थांबला!" नेस्तोर वरून ओरडला. "पेर्से, थांबला!"

रांगेत कुजबुज झाली, बिघडला की काय. इन्स्पेक्टरांचा हात कंगव्यावर गेला.

पेर्सा खालून ओरडली, "तूच थांबलास, दादा! तो तुझाच हात आहे!"

मग पाळणा उंच गेला. नेस्तोर हसत होता, रडत होता, नाचाची ती चाल बेसूर ओरडत होता आणि प्रत्येक फेरीला पेर्साच्या डोक्यावरून जाताना म्हणत होता, "अजून! अजून!" तीनदा बसला लागोपाठ. चौथ्यांदा मी तिकीट मागितलं तेव्हा उतरला. पाय सरळ पडेनात. पिंपाला धरून उभा राहिला, आणि बहिणीला अगदी हळू विचारलं, "मी नसेन, तेव्हाही तो तिथे थांबेल?"

"थांबेल, दादा. रोज."

त्याने मान डोलावली. मी डोळे पुसले आणि पुढच्यांची तिकिटं फाडायला घेतली.