पंधरवड्यातली दोन ग्रहणं

त्या वर्षी दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी, ऐन सूर्यास्ताला, सूर्यग्रहण आलं. दुर्गजवळच्या चरोद्याला, रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या आमच्या गल्लीत दुपारपासूनच दारं बंद झाली होती. शेजारच्या काकूंनी गरोदर सुनेला आतल्या खोलीत बसवलं होतं. माझे बाबा मात्र अंगणात खुर्ची टाकून चिवडा खात बसले. रेल्वेतून रिटायर झालेला, जन्मभर बुद्धविहारात अंधश्रद्धेविरुद्ध बोलत आलेला माणूस. ग्रहणाच्या भीतीनं घरात बसणं त्यांना कमीपणाचं वाटलं असतं.

"बाबा, उघड्या डोळ्यांनी नका पाहू," मी म्हटलं.

"मावळतीचा सूर्य आहे बाई, का करते तो?" असं म्हणून डावा डोळा मिटून ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

काकू दाराच्या फटीतून म्हणाल्या, "भाऊजी, आता पुनवेलेही ग्रहण आहे म्हणतात. पंधरा दिवसांत दोन! काही तरी वाईट होते पाहा."

बाबा हसले. "दोन अलग संकटं नाहीत वहिनी. सूर्याची वाट अन् चंद्राची वाट, दोन लाईनी समजा. दोनच जागी एकमेकीले कापतात, आमनेसामने. अवसेले चंद्र एका क्रॉसिंगपाशी आला, तं सूर्य झाकला. पंधरा दिवसांत तो दुसऱ्या क्रॉसिंगपाशी पोचते. तिथं पुनवेले पृथ्वीची सावली असते. म्हणून सूर्यग्रहणाच्या मागं नाही तं पुढं चंद्रग्रहण राहतेच."

काकूंना ते कितपत पटलं कोण जाणे, पण पौर्णिमेच्या संध्याकाळी त्या आमच्या गच्चीवर आल्या. चंद्र उगवला तोच सावलीत अर्धामुर्धा बुडालेला. मी थक्क झाले. बाबांनी सांगितलं होतं तसंच, सूर्यग्रहणानंतर बरोबर पौर्णिमेला! हळूहळू सावली सरकली आणि चंद्र पूर्ण मोकळा झाला.

"सुटलं बापा," काकूंनी हात जोडले.

"कुठं सुटलं?" बाबा म्हणाले. "मधात काळंच आहे न अजून."

मला वाटलं, काकूंची थट्टा करून राहिले. पण ते हसत नव्हते. त्यांनी उजवा डोळा झाकला, मग डावा. पुन्हा उजवा. मग डावा झाकूनच माझ्याकडे वळले आणि हलकेच म्हणाले, "तुह्ये कान दिसून राहिले. तोंड नाही दिसत."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासूनच. मले वाटलं, मोतीबिंदू आला असन."

काकू तोंडावर पदर धरून बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुर्गच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध भाजलाय. औषध नाही. काही महिन्यांत थोडंफार सुधारेल, पूर्ण सुधारेलच असं नाही.

"पण सूर्य तं अर्धाच होता," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"जेवढा उघडा होता तेवढा भाजायला पुरेसा आहे," डॉक्टर म्हणाले.

येताना बसमध्ये ते खिडकीशी बसून एकेक डोळा झाकून बाहेर बघत होते. ज्या माणसानं आकाशातल्या दोन वाटा आम्हाला इतक्या सोप्या करून सांगितल्या, उजेडानं डोळा जळतो हे त्यालाच सुचू नये? ते मला काही केल्या पचेना.

गल्लीत व्हायचं तेच झालं. ग्रहणानं धरलं म्हणाले. काकू चौकशीला आल्या तेव्हा बाबांनी त्यांना बसवून घेतलं.

"ग्रहणानं नाही धरलं वहिनी. मी सूर्याकडे टक लावली. ग्रहण नसतं तरी डोळा जळलाच असता. तुमच्या सुनेले सांगा, घरात कोंडून नको राहू. फक्त सूर्याकडे नको पाहू."

काकू मान खाली घालून म्हणाल्या, "सांगतो."

उन्हाळ्यापर्यंत तो काळा डाग राखाडी झाला. एकट्या उजव्या डोळ्यानं त्यांना आता माझा चेहरा दिसतो, पण पुसट. भुवया कुठं संपतात ते कळत नाही, म्हणतात.