तपासलं नाही ते पिवळं

त्या दिवशी सकाळी सुकुमारच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेलं ओ..." पुढं त्यांना बोलवेना. खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला सुकुमारचा संतापच आला. महिना होत आला, अजून उतरलेला नाही.

वारणानगरच्या कॉलेजातला हा माझा मित्र. पुढे कोल्हापुरात आम्ही दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारं छोटं ऑफिस काढलं. प्रोग्रॅम नीट चालतो का, हे बघायला रोज सकाळी चाचण्या आपोआप चालतात. पास ती हिरवी, नापास ती लाल. काही वगळाव्या लागतात, कारण ऑफिसात दूध मोजायचा वजनकाटा नसतो. मी म्हणायचो, त्या हिरव्यात ढकल आणि मोकळा हो. सुकुमारने त्यांना पिवळा रंग दिला आणि प्रत्येकीपुढे कारण लिहायची सक्ती केली. या पिवळ्याने माझं डोकं उठवलं. एकदा पन्हाळ्याकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी प्रोग्रॅम न्यायला येऊन बसले होते. "सगळं तपासलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणणार, तोवर हा म्हणाला, "न्हाय पावणं. वजन चालू असताना लाइट गेली तर काय हुतंय, ते ऱ्हायलंय." सेक्रेटरी वैतागून उठून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्या गावात, काट्यापाशी. चाचणी पास. काहीसुद्धा बिघडलेलं नव्हतं. "दिवस घालवलास की," मी म्हणालो. "घालवला की. आता हिरवं म्हण," असं म्हणून, घरच्या जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायला, गाडीतच डबा उघडून बसला.

आणि हाच माणूस... छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आला.

"रिपोर्ट चांगलं हायत न्हवं?" मी विचारलं.

"रक्त चांगलं, ईसीजी चांगला. ट्रेडमिलवरची तपासणी केली न्हाय."

"का?"

"हातात काम हाय. पुढच्या आठवड्यात बघतो."

कुणाशी एक अक्षर खोटं बोलला नाही. वहिनींनी विचारलं तरी तेच उत्तर, कारणासकट. अरे शहाण्या, खरं सांगितलंस, पण जायचं कुणी? त्या रोज मागे लागल्या, मी भांडलो. पुढचा आठवडा काही आला नाही.

ऑफिसच्या रिपोर्टात त्याची एक पिवळी ओळ राहिली होती. कारण : "सुकुमार पुढच्या आठवड्यात बघेल." ती काढू का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी उगाच ओरडलो. परवा ती चाचणी मीच चालवली. नापास झाली. चूक त्याच्याच कामातली होती. "बघ, तुझंच हाय हे," म्हणत मी त्याच्या टेबलाकडे खुर्ची वळवली.