पळसाचं वळण

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली बरीचशी कन्नड-सिल्लोडकडच्या खेड्यांना जाणाऱ्या गाड्यांवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मी सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, तेव्हापासून कुठंही जायचं असलं की ते मागच्या सीटवर बसायचे. पुढं बसलं की पाय आपोआप ब्रेक शोधतो म्हणायचे.

यंदा फाल्गुनातल्या एका रविवारी ते पहिल्यांदा पुढं बसले. कारण साधंच होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मागं पाय लांब करता येत नव्हता. मला डोंगरात फुललेला पळस बघायचा होता, आणि रस्ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

फुलंब्रीच्या पुढं मोठा रस्ता सोडला आणि पिशोरच्या बाजूला आत शिरलो. गव्हाची काढणी चालली होती. अर्धं रान पिवळं, अर्धं नुसतं धसकटांचं. मधेच कांद्याच्या बियाण्याचं एखादं शेत यायचं, कमरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गोल गोंडे, आणि काच खाली घेतली की मधमाश्यांचा आवाज थेट गाडीत. मी वेग कमी करून बघत होते. दादा समोर बघत होते.

"खड्डा. डावीकडं घे."

"दिसला, दादा."

"म्हैस हाय पुढं. तिचा भरवसा नाय."

तासभर हेच. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला बघा ना. काय सुंदर आहे सगळं."

"तू बघतीस ना बाजूला? मग रस्ता कुणी बघायचा?"

पुढं डोंगराच्या माथ्यावर आलो आणि उताराचा घाट लागला. लहानसाच घाट, पण रस्ता एका गाडीपुरता. डावीकडं खडक, उजवीकडं उतार थेट खाली गेलेला, आणि त्या सगळ्या उतारावर पळस. पान एक नाही, नुसती शेंदरी फुलं. मी इतकी हरखले, की समोरून येणारा ट्रॅक्टर मला उशिरा दिसला. मागं ट्रॉली, तीत कडबा उंच रचलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. दोघंही थांबलो. चालक उतरून आला, टोपी डोक्यामागं सरकवत दादांना म्हणाला, "काका, मला नाय घेता येणार मागं. ट्रॉली पलटी होईल."

"तू नकोच घेऊ," दादा म्हणाले. "चढणाऱ्याला वाट द्यायची असती. आमी घेतो."

आम्ही म्हणजे मी. चढावर, रिव्हर्समध्ये, वळणातून. गाडी बाजूला घ्यायला जागा होती ती वळणाच्या वर, शंभरेक पावलांवर.

"दादा, तुम्ही घ्या," मी म्हणाले.

"माझा गुडघा क्लचला चालंल का?" त्यांनी दार उघडलं. काठी सीटवरच ठेवली आणि गाडीमागं गेले. तिथून ओरडले, "उजव्या आरशात फक्त माझ्याकडं बघ, माय. दुसरीकडं नाय."

आरशात ते दिसले. पांढरा सदरा, एक हात वर. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ते दरीच्या बाजूनं चालतायत. गाडी आणि कडा यांच्या मधोमध. माझं चाक कुठवर आलं तर चालेल हे मला त्यांच्या पायांवरून कळावं म्हणून. गाडी एकदा पुढं घसरली, क्लचचा जळका वास आला. त्यांनी डिकीवर थाप मारली. "हँडब्रेक लाव. दम घे. घाई कुणाला हाय?"

ट्रॅक्टरवाल्यानंही खालून हात केला, सावकाश, सावकाश. मी दम घेतला. मग इंच इंच मागं. त्यांचा हात वळला की स्टिअरिंग वळवायचं, हात थांबला की थांबायचं. किती वेळ लागला सांगता येणार नाही. शेवटची थाप पडली तेव्हा गाडी मोकळ्या जागेत होती. ट्रॉली आमच्या शेजारून गेली, कडब्याची पानं काचेवर घासत गेली. चालकानं छातीवर हात ठेवून मान लववली.

मी हँडब्रेक ओढून उतरले. दादा एका दगडावर बसले होते, धापा टाकत. डोक्यावर एक जुना पळस होता. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही.

"याला आमी पळसाचं वळण म्हणायचो," ते म्हणाले. "खोड दिसलं की दुसरा गेर टाकायचा. हॉर्न द्यायचा. एवढीच वळख."

"आणि फुलं?"

"डोळ्याच्या कोपऱ्यात लाल काहीतरी असायचं. मागं पन्नास माणसं. झाडाकडं कवा बघणार?" मग हळूच म्हणाले, "लई भारी हाय गं हे."

एकतीस वर्षं या रस्त्यांवरून गेलेल्या माणसानं हे रस्ते बघितलेच नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. तक्रार म्हणून नाही, ते सहज सांगत होते. मला मात्र लहानपणी त्यांचा राग यायचा, आम्हाला कुठं नेलं तरी ते काही बोलत नाहीत म्हणून. सगळं बोलणं, सगळं बघणं त्यांनी त्या पन्नास माणसांसाठी रस्त्यावर खर्चलं होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर एक फूल पडलं होतं, त्यांनी ते उचलून तळहातावर उलटंपालटं करून पाहिलं.

तासभर आम्ही तिथंच बसलो. मग खाली उतरलो. पायथ्याच्या फाट्यावर एक हॉटेल होतं, पत्र्याचं. चहा देताना हॉटेलवाल्या म्हाताऱ्या चाचांनी विचारलं, "कहाँ से, घाटातून आले का?"

"व्हय," दादा म्हणाले. "वर ट्रॅक्टर आडवा आला. पोरीनं गाडी मागं घेतली. सगळी चढण. एकटीनं."

एकटीनं! मी चहाचा घोट घेतला.

परत निघताना मी म्हणाले, "आता मोठ्या रस्त्यानं जाऊ, लवकर पोचू." दादांनी पट्टा लावला, काच पूर्ण खाली घेतली.

"नको," ते म्हणाले. "घाटातूनच चल. चढताना कसं दिसतं ते बघायचंय."