घर उतरवणारे गुत्तेदार

गुत्तेदार भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचे, कान लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "पाडायचं न्हाई, बाई. उतरवायचं." घरं पाडून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडी हे ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. साहेब, कारकून, शिपाई, सगळे भाड्याच्या खोल्या शोधत हिंडायचे. आमच्या मामंजींनाही वाटलं, आपलं जुनं माळवदाचं घर काढावं आणि सिमेंटच्या चार खोल्या बांधाव्यात.

नेमका तेव्हाच दुष्काळ. गल्लीतले बाकीचे आड आटले, आमच्या अंगणातला तेवढा टिकून होता. आणि नकाशात त्याच आडावर एक खोली आली होती. मी शाळेत शिकवायचे. पोरांसमोर माझा आवाज मोठा, मामंजींसमोर बंद. तरी एकदा म्हणून पाहिलं, की आड बुजवला तर अख्खी गल्ली टँकरमागं पळेल. नळ येणार आहे, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. नळाचं मी काय सांगू, तुमच्याही गावात तो असाच येणार असेल.

तीन गुत्तेदार घर बघून गेले. पहिला म्हणाला, ट्रॅक्टरला साखळी बांधतो, दोन दिवसांत भुईसपाट, मलबा आडात लोटतो, वाहून न्यायची कटकट नाही. मामंजी खूश. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, फक्त पान चघळत. तिसरे हे भिंतीला कान लावणारे, साठीकडे झुकलेले, डोक्याला टॉवेल. भिंती ठोकून झाल्या, माळवदावर चढून झालं, मग थेट आडाकडे गेले. वाकून खडा टाकला, पाण्याचा आवाज ऐकला. आडापासून चार पावलांवर एक सपाट दगड होता, त्याच्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

मामंजींनी आड बुजवायचं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग दुसरा गडी बघा, मालक."

"तुला काय करायचंय आडाशी?"

"त्या दगडावर माझी माय घागर ठिवायची. तुमच्या घरातून कुणी आलं तर वरून वतायचं. न्हाई आलं तर रिकामी घेऊन जायची. त्या आडात म्या मलबा टाकणार न्हाई."

मी दारात उभी होते, मला वाटलं आता मामंजी चिडतील. पण ते खाली बघत म्हणाले, "लहानपणी मी बी वतलंय."

"हाव. ठावं हाय मला."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी नकाशा बदलून आणला आणि काम या तिसऱ्या गुत्तेदारांनाच दिलं.

पुढचा जवळजवळ महिना मी घर उतरताना पाहिलं. तुळयांवर गेरूने आकडे घातले, चौकटी अख्ख्या काढल्या, दगड एकावर एक रचून ठेवले. एकही फुटू दिला नाही. एका गड्यानं घाईत कोनाड्यावर पहार घातली तर त्याला दिवसभर नुसती माती चाळायला लावली. धूळ बसवायला पाणी मारतात, पण त्यांनी आडातली एक बादलीही घेतली नाही. उलट आडाच्या तोंडावर गोणपाट बांधून ठेवायचे आणि बायांच्या पाणी भरायच्या वेळी स्वतः सोडायचे. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते.

शेवटी अंगणात तो सपाट दगड उरला. चांगला आहे, नव्या घराला पायरी होईल, असं मामंजी म्हणाले. गुत्तेदारांनी त्या महिन्यात पहिल्यांदा घण मागितला.

"ह्यो तेवढा फोडू द्या, मालक."

मामंजींनी मान हलवली. तीन घावांत दगडाचे तुकडे झाले. मी तांब्या भरून पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही. "म्या शेंदतो, बाई," म्हणाले. आडाच्या काठावर उभं राहून त्यांनी पोहरा सोडला, ओढून वर घेतला आणि ओंजळीनं पोटभर प्यायले. मला रडू आलं. मामंजी तोंड फिरवून उभे होते.

गुत्तेदार जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सिमेंटच्या खोल्यांनाही तडे गेलेत, मुलगा म्हणतो पाडून नवं बांधू. मशीनवाले येतात, एका दिवसाचं काम आहे म्हणतात. मी प्रत्येकाला आधी आडाकडे घेऊन जाते आणि बाजूला उभी राहते. अजून एकानंही आत वाकून पाहिलेलं नाही.