मी चिकटवलेल्या पट्ट्या

माझ्या धाकट्या जावेच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणतात. सासूबाई तर दिवसातून दोनदा. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत कपड्यांखाली पाच स्क्रूड्रायव्हर निघाले, आणि मी पोट धरून हसले होते. आता घराच्या पुढच्या दोन खोल्यांत एकीकडे माझं नव्या मिक्सर-इस्त्र्यांचं दुकान, भिंतीपलीकडे तिचं दुरुस्तीचं टेबल. गर्दी पलीकडे.

वस्तू उघडली की ती आधी वास घेते. "जळली नाही, दमलीय," म्हणते. काम झालं की झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख घालते. एका इस्त्रीत अशा तीन तारखा झाल्या. म्हणजे माझ्या तीन इस्त्र्या खपायच्या राहिल्या! देवापुढे डोळे मिटले तरी मला तिचीच खटखट ऐकू यायची.

शेवटी मी छापखान्यातून पट्ट्या आणल्या. 'सील तोडल्यास वॉरंटी संपेल.' विकायच्या आधी प्रत्येक मिक्सरच्या बुडाला, स्क्रूंवर एक पट्टी चिकटवायची. बघू कोण जातं पलीकडे!

वर्षभराने एक बाई, कोर्टात कारकुनी केलेल्या, बंद मिक्सर घेऊन आल्या. वॉरंटी होती, म्हणून मी तो कंपनीकडे पाठवला. तसाच परत आला. सोबत चिठ्ठी: 'हे सील आमचं नाही. वॉरंटी रद्द.'

बाईंनी खोकं माझ्यापुढे आपटलं. "वाचा."

'सहज दुरुस्त होणारा. कचरा टाळणारा.'

"हे वाचून घेतला मी. वर तुमची पट्टी म्हणते, उघडू नका. जसं वर्णन केलं तसाच माल द्यायचा, असा कायदा आहे. आणि मला विकला तुम्ही, कंपनीने नाही. उद्यापर्यंत चालू करा, नाहीतर तक्रार करते."

"दुसरा नवा देते की."

"नवा कशाला? धडधाकट वस्तू उकिरड्यावर का टाकायची?"

असे चाळीस मिक्सर माझ्या पट्ट्या घेऊन गावभर गेले होते. चाळीस जणी अशाच आल्या तर दुकानाला कुलूपच. मान खाली घालून मी पलीकडे गेले.

जावेने मिक्सर उलटा केला. "ताई, पट्टी नेहमी तिरकी लावता तुम्ही."

"तुला माहीत होतं?"

"सात-आठ आले की माझ्याकडे. वाफेवर धरून सोलते, काम झालं की पुन्हा चिकटवते. फाटकी पट्टी बघून लोक तुम्हालाच बोलणार; तुमच्या दुकानाचं नाव कशाला खराब व्हायला हवं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर!

मोटारीतला झिजलेला कार्बनचा तुकडा बदलताच मिक्सर घरघरला. उरलेल्या पट्ट्या मी तिच्यादेखत फाडल्या आणि म्हटलं, "माझ्याकडून गेलेला मिक्सर बंद पडला की आता मीच तुझ्याकडे पाठवीन."

"बरं. मग तारीख तुम्ही घाला," ती पेन्सिल पुढे करत म्हणाली.

मी घातली. अक्षर मात्र माझंच चांगलं आहे. देवाशपथ.