दोन वॉशिंग मशीनची खोली

चिरंजीवांनी भाड्याने घेतलेला बंगला सौदी अरेबियात, कतीफ शहराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वसाहतीत आहे. त्याचे तळघर घरमालकाने अर्धवट सोडले होते: उघडे सिमेंट, भिंतीतून बाहेर आलेले नळाचे तुकडे, छताला एकच दिवा. पक्षाघाताने सौभाग्यवतींची डावी बाजू गेल्यावर आम्ही उभयता मुलाकडे आलो. पुढे लवकरच सूनबाईंनी त्या तळघरात कपडे धुण्याची खोली करण्याचे ठरवले.

मला उद्योग हवाच होता. स्नानसंध्या आटोपली की मी खाली खुर्ची टाकून बसत असे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू असताना फरशीचा उतार कसा काढतात, ते मी पाहिले होते. कामगारांकडून मी पुन्हा पुन्हा पाणी ओतवून घेई आणि ते जाळीकडे वळले की मनोमन श्रीहरीचे स्मरण करी.

मशीनसाठी दोन चौथरे बांधलेले पाहून मी वर येऊन विचारले, "दोन कशाला?"

"एक आईंचं," सूनबाई म्हणाल्या. "त्यांच्या चादरी मुलांच्या युनिफॉर्मबरोबर नकोत. दोरीही वेगळी घेतलीय."

हे कानी पडताच सौभाग्यवती पलंगावरून वाकड्या ओठांनी हसल्या. "माझी लुगडी विटाळली वाटतं?"

"शिवाशीव तुम्हीच शिकवलीत की, आई," टॉवेलची घडी घालीत सूनबाई उत्तरल्या. "मी आपली पाळते."

लग्नानंतरची काही वर्षे सूनबाई आमच्याबरोबर गावी राहत. दरमहा चार दिवस त्यांना जिन्याखाली बसवले जाई. ताट निराळे, अंथरूण निराळे. चटई त्यांनी स्वतः मागच्या नळावर धुवायची. तान्हे मूल रडले तरी त्याचे कपडे उतरवल्यावाचून ते त्यांच्याकडे दिले जात नसे. सौभाग्यवतींचा तो नेम अतिशय कडक होता. कोणी शास्त्राधार विचारला, तर तो मी सांगत असे.

फरशी झाली, भिंती रंगल्या. एके सकाळी इलेक्ट्रिशियन भिंतीत फार खाली स्विच बसवू लागला, शेजारी घंटेचे बटण. मी त्याला हटकले, "मशीन का पॉइंट इतना नीचे?"

"मशीन का नहीं, चाचा. मॅडम ने बोला, यहाँ पलंग आएगा."

दुपारच्या जेवणात मी विषय काढला. चिरंजीव ताटातून मान वर न करता म्हणाले, "बाबा, जरा प्रॅक्टिकल व्हा. चादरी सारख्या वर-खाली न्याव्या लागणार नाहीत. एसी लावतोय ना."

"तिला माणसांत राहायचं आहे," मी म्हणालो.

आतल्या खोलीतून आवाज आला, "मला खाली नका रे पाठवू. मी पाणी कमी पिईन. संध्याकाळनंतर तर घेणारच नाही."

सूनबाई उठल्या, दारापाशी गेल्या. त्यांच्या स्वरात राग मुळीच नव्हता. सेवेचाच स्वर होता. "जिन्याखाली मला पंखासुद्धा नव्हता, आई. तुम्हाला टाइल्स लावल्यात."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चिरंजीव आणि शेजारचे एक गृहस्थ सौभाग्यवतींना खुर्चीत बसवून खाली घेऊन गेले. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. पलंगावर निजवल्यावर सूनबाईंनी दोन्ही मशीन सुरू करून दाखवली, घंटा वाजवून दाखवली, उशी सारखी केली. त्यांच्या हातांत रबरी हातमोजे होते.

सौभाग्यवतींनी उजवा हात पुढे केला. "अगं, ते काढ. एकदा नुसता हात धर माझा."

"माझी आंघोळ झालीय, आई," सूनबाई म्हणाल्या. "नैवेद्य व्हायचाय अजून."

त्या जिना चढून गेल्या. पाठोपाठ चिरंजीवही गेले. सौभाग्यवतींचा हात चादरीवर तसाच उताणा पडून होता. मी तो धरण्यास वाकलो, तेव्हा त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला.

"तुमचीही झालीय ना?" त्या म्हणाल्या. "जा वर. नैवेद्याला उशीर होईल."

मी वर गेलो.